एका डोंग्यासाठी एक झाड

भोपाळच्या बड्या तालाबात आता शिकारे फिरतात. २०२३ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने इथल्या क्रूझ आणि मोटरबोटी बंद करायला लावल्या. बरंच झालं, ज्या तलावाचं पाणी शहर पितं त्यात डिझेल कशाला? मग २०२५ च्या डिसेंबरात मुख्यमंत्र्यांच्या हस्ते वीस शिकारे पाण्यात उतरले. घाट काश्मीरचा, अंग फायबरचं. आमच्या चार इमलीतली मंडळी पाहुण्यांना घेऊन जातात, फोटो काढतात, 'अगदी दल लेक' म्हणतात. मीही जाऊन बसले आणि मजाही आली. पण मध्य भारताच्या नद्यांची स्वतःची एक नाव आहे. एका खोडातून कोरलेली, आजही चालती. तिला डोंगा म्हणतात. ती बड्या तालाबात का नाही, हा प्रश्न किरकोळ आहे. ती तिच्याच नदीवर का टिकत नाही हा खरा प्रश्न, आणि त्याच्या उत्तराचा बराचसा भाग आमच्या वसाहतीत राहतो.

भोपाळबाहेरच्यांसाठी सांगते. चार इमली ही सरकारी बंगल्यांची वसाहत. मंत्री, सचिव, मोठ्या हुद्द्यावरचे साहेब इथे राहतात. सकाळी एकांत पार्कात फेऱ्या मारणाऱ्यांनी ठरवलं तर दुपारच्या आत राज्याचा एखादा नियम बदलू शकतो. मी इथे मुलाच्या नोकरीमुळे. घराणं भोपाळला आलं ते सासऱ्यांबरोबर, १९५६ साली. तोवर मध्यप्रदेशची राजधानी नागपूर होती. १ नोव्हेंबरला राज्यांची फेरमांडणी झाली, विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि सचिवालयातली पुष्कळ मराठी माणसं फायलींच्या मागोमाग इकडे आली. माझं माहेर मात्र महाराष्ट्रातल्या, गडचिरोलीच्या अहेरीकडचं. वडील वनखात्यात होते. म्हणजे इंद्रावतीचा एक काठ माझ्या माहेरच्या सरकारचा आणि समोरचा, बस्तरचा, २००० साली छत्तीसगड वेगळं होईपर्यंत सासरच्या सरकारचा. नदीवर राहणाऱ्यांना या दोन्ही सरकारांशी फारसं देणंघेणं नव्हतं. त्यांची सोयरीक दोन्ही काठांवर होती आणि मधे डोंगा होता.

डोंगा कसा असतो? सरळ, जाड, आतून न किडलेलं खोड निवडायचं. कुऱ्हाडीने बाहेरून घडवायचं, वाकसाने आतून कोरायचं. तळ जाड ठेवायचा, कडा उतरत्या करायच्या. फळी नाही, खिळा नाही, सांधा नाही. उथळ पाण्यात बांबूने रेटायचा, खोलात वल्हवायचा. वर्धा आणि वैनगंगा मिळून प्राणहिता होते, ती सिरोंच्यापाशी गोदावरीला मिळते. पुढे सोमनूरला इंद्रावती येते. त्याच्या बरंच वर, भामरागडला, पर्लकोटा आणि पामुलगौतम इंद्रावतीत उतरतात. या सगळ्या पाण्यावरून माणसं बाजाराला गेली, लग्नाला गेली, भुताखेतांच्या भीतीने वैदूकडे गेली, पुढे इंजेक्शनसाठी दवाखान्यात गेली. पलीकडून मोहफूल, चारोळी, चिंच यायची, अलीकडून मीठ, कापड, लोखंडी सामान जायचं. हा व्यापार न्यायाचा होता असं कुणी समजू नये. मिठाच्या मापाला चारोळीचं माप घेऊन शहाणे झालेले व्यापारी मी लहानपणी पाहिलेत. पण लूट बाजारात होत होती, डोंग्यात नाही. डोंगा ज्याचा त्याचा होता, गावात तयार झालेला.

याच्याबद्दल मी लिहायला बसले ते मात्र एका वेगळ्याच नावेमुळे. मुलगी टोरांटोला असते. तिने मला पीटरबरो गावातल्या कनू संग्रहालयात नेलं. २०२४ मध्ये त्याची नवी इमारत पाण्याकाठी उघडली. आत सहाशेहून जास्त नावा. त्यातल्या भूर्जाच्या सालीच्या नावांपाशी मी जी थांबले ती मुलगी कंटाळेपर्यंत. आपल्याकडे हिमालयातल्या भूर्जाच्या सालीवर पोथ्या लिहिल्या गेल्या. काश्मिरात तीच साल छपरावर मातीच्या थराखाली अंथरत, पाणी झिरपू नये म्हणून. तिकडच्या लोकांनी त्यांच्याकडच्या भूर्जाच्या त्याच गुणाची नाव केली.

उन्हाळ्याच्या तोंडाशी साल सुटायला लागते. ती सोलून जमिनीवर पसरायची, वर दगड ठेवायचे, दोन्ही कडांनी खुंट्या ठोकून उभी करायची. झाडावर आत असलेली बाजू नावेत बाहेर येते. आतून सीडरच्या चिरफळ्यांच्या बरगड्या वाकवून बसवायच्या. शिवण स्प्रूस झाडाच्या मुळांची, आणि मुळं खणून आणणं, चिरणं, शिवणं हे बहुतेक ठिकाणी बायकांचं काम. शिवणीवर स्प्रूसचाच डिंक, चरबी आणि कोळशाची पूड घालून कढवलेला. कुठे खडकाला घासून फाटली तर काठावर उतरून सालीचं ठिगळ लावायचं, डिंक भरायचा, पुढे निघायचं. नाव इतकी हलकी की घरगुती वापराची एकटा माणूस खांद्यावर घेऊन चालतो. त्या मुलखाची गुरुकिल्ली हीच. तिकडे नद्या आणि तळी एकमेकांच्या जवळजवळ आहेत, मधे धबधबे आणि जमिनीचे पट्टे आहेत. नाव उचलून पलीकडच्या पाण्यात ठेवता आली की रस्ता संपतच नाही.

युरोपियन यायच्या आधीच या वाटांवर मोठी देवघेव चालू होती. दक्षिणेकडे शेती करणाऱ्या वेंडाट लोकांचा मका उत्तरेच्या निपिसिंगांकडे जायचा, बदल्यात मासे आणि कातडी यायची. सुपीरियर सरोवराकाठचं तांबं कुठल्या कुठे पोचायचं. पुढे युरोपात बीव्हरच्या लोकरीच्या हॅटांचं वेड लागलं आणि गोऱ्या व्यापाऱ्यांनी हीच नाव उचलली. रचना तशीच ठेवली, फक्त ती वाढवून छत्तीस फुटांपर्यंत नेली. माँट्रियलहून निघणारी अशी एक नाव सुमारे तीन टन माल घ्यायची. गाठोडं नव्वद पौंडांचं, आणि जमिनीचा पट्टा आला की एका माणसाने अशी दोन पाठीवर घ्यायची रीत होती. नॉर्थ वेस्ट कंपनीचा सगळा डोलारा या सालीवर उभा होता. १८२१ मध्ये ती हडसन्स बे कंपनीत विलीन झाली. नाव बनवणाऱ्यांच्या वाट्याला त्यातलं काय आलं, हे आपल्या चारोळीवाल्यांना विचारावं, त्यांना लगेच समजेल.

संग्रहालयातून परतताना मला हेवा वाटत होता, पण तो संग्रहालयाचा नव्हे. संग्रहालय आमच्याकडेही आहे, आणि जगात नाव घ्यावं असं. त्याचं पुढे बघू. मला हेवा वाटला तो कॅनडातल्या एका निकालाचा, आणि त्याची गोष्ट वुडस्टॉक नावाच्या गावापासून सुरू होते.

न्यू ब्रन्सविक प्रांतातल्या या वुडस्टॉकला १८८७ मध्ये एडविन टॅपन अ‍ॅडनी नावाचा अमेरिकन तरुण पाहुणा म्हणून आला. पीटर जो या मालिसीट जमातीच्या कारागिराशी त्याची गाठ पडली आणि तो त्याच्या हाताखाली सालीची नाव बांधायला शिकला. मग जन्मभर त्याने हा नाद सोडला नाही. मापं घेतली, चित्रं काढली, जमातीजमातीच्या नावांच्या शंभराहून जास्त हुबेहूब छोट्या प्रतिकृती केल्या. १९५० मध्ये तो गेला. त्याच्या कागदांचे ढीग लावून हॉवर्ड चॅपेल यांनी सिद्ध केलेलं पुस्तक स्मिथसोनियन संस्थेने १९६४ मध्ये काढलं. आज नाव बांधणारे मूळनिवासी कारागीरसुद्धा ते उघडून बघतात. असा एखादा वेडा आपल्या डोंग्याला मिळाला असता तर मला आनंदच झाला असता. पण पुस्तकात झाड नसतं. झाडासाठी जंगलात जावं लागतं, आणि जंगल सरकारचं.

त्याच वुडस्टॉकच्या मालिसीट समाजातल्या दोघांवर सरकारी जंगलातलं लाकूड तोडल्याचा खटला झाला. त्यांना घर बांधायचं होतं. तिसरा होता मिकमाक जमातीचा, त्याने घरच्या फर्निचरसाठी मेपल तोडला होता. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि ७ डिसेंबर २००६ रोजी तिघेही सुटले. न्यायालयाचं म्हणणं असं होतं की हे लोक नद्या-तळ्यांवरून फिरत जगत आले. निवारा, प्रवास, अवजारं आणि सरपण यांसाठी लाकूड घेणं हा त्यांच्या जगण्याचाच भाग होता, म्हणून घरगुती वापरापुरतं लाकूड तोडणं हा त्यांचा हक्क आहे. विकता येणार नाही. आणि हक्क जुन्या काळच्या झोपडीपुरता गोठवता येणार नाही, आजचं घरही त्यात बसतं. निवाऱ्याच्या शेजारी प्रवास हा शब्द आहे, एवढ्यासाठी मी तो निकाल दोनदा वाचला.

आता त्याच महिन्यात दिल्लीत काय चाललं होतं ते बघा. १५ डिसेंबर २००६ रोजी लोकसभेने वनहक्क कायदा मंजूर केला, २९ तारखेला राष्ट्रपतींची संमती मिळाली. कायदा चांगला आहे, हे मी वनखात्यातल्या माणसाची मुलगी असून म्हणते. २००९ मध्ये गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला सामूहिक हक्क मिळाले आणि बांबूवर गावाचा ताबा आला, तो याच कायद्याने. पण कायद्यातल्या गौण वनोपजाच्या व्याख्येत बांबू आहे, वेत आहे, मध, लाख, तेंदूपत्ता, कंदमुळं आहेत. इमारती लाकूड नाही. डोंगा म्हणजे कायद्याच्या नजरेत अखंड इमारती लाकूड.

गंमत याच कायद्याच्या कलम ३ च्या दुसऱ्या पोटकलमात आहे. गावाच्या सोयीसाठी, ग्रामसभेच्या शिफारशीने, हेक्टरी पंचाहत्तर झाडांपर्यंत तोड करून वनजमीन देता येते. कशासाठी? तेरा कामांची यादी आहे: शाळा, दवाखाना, अंगणवाडी, रेशन दुकान, विजेच्या आणि टेलिफोनच्या तारा, रस्ता वगैरे. सगळी गरजेची कामं. रस्त्यासाठी पंचाहत्तर चालतात, डोंग्यासाठी एक चालत नाही, कारण यादी करणाऱ्यांना रस्ता म्हणजे डांबरच सुचलं. २००८ चे नियम तर आणखी मजेदार. गावकऱ्यांनी वनोपज न्यायचा कसा, तर डोक्यावरून, सायकलवरून किंवा हातगाडीवरून! बस्तरातल्या अबुझमाडच्या डोंगरांच्या पायथ्याला पावसाळ्यात हातगाडी घेऊन उभा असलेला माणूस मी डोळ्यांसमोर आणून बघितला. २०१२ च्या दुरुस्तीत तिथे 'योग्य साधन' असे शब्द आले, तेवढं बरं झालं.

मुलाशी यावर बोलले. तो म्हणाला, "आई, लाकूड आलं की टिंबर आलं, आणि टिंबर आलं की वाहतूक पास, हॅमर मार्क, लिलाव. तुझ्या डोंग्यासाठी कोण एवढं करणार?"

"अरे, पण निस्तार आहे ना?"

यावर तो जरा थांबला, कारण निस्तार काय ते मध्यप्रदेशात सगळ्यांना माहीत आहे. गावाने आपल्या घरगुती गरजेपुरतं जंगलातून घ्यावं, ही जुनी मान्य रीत. संस्थानी काळापासून ती कागदावर आहे. वनखात्याचे निस्तार डेपो आजही बांबू, बल्ल्या, जळाऊ लाकूड सवलतीत देतात. वनहक्क कायद्याच्या त्याच कलम ३ मध्ये निस्ताराचा हक्क नाव घेऊन मान्य केलाय. नांगराचं लाकूड निस्तारात बसतं, घराची मयाल बसते, मग नदीकाठच्या गावाची नाव का बसत नाही? कायदा बदलायची गरज नाही. राज्य सरकारने एक परिपत्रक काढायचं आहे.

हे परिपत्रक नसल्याने काय होतं, ते वडिलांच्या नोकरीत एकदा बघितलंय. अर्धा कोरलेला डोंगा पकडला गेला होता. नाव कुठली, कुणाची, हे सांगत नाही. खोड जप्त झालं, नाक्याच्या मागे आणून टाकलं. अर्धा कोरलेला म्हणून लिलावात कुणी घेईना आणि मुद्देमाल म्हणून तोडणाऱ्याला परत देता येईना. पावसाने त्यात पाणी साचलं, बेडूक झाले. आम्ही मुलं कागदाच्या होड्या त्यात सोडायचो. वडील त्याच्याजवळून जाताना तिकडे बघायचे नाहीत. नियम त्यांनी केला नव्हता, पंचनामा मात्र त्यांनीच लिहिला होता.

आता आक्षेप. पहिला, पूल बांधा की, डोंग्याचं काय कौतुक? पूल हवाच. भामरागडला पर्लकोटेच्या जुन्या ठेंगण्या पुलावरून दर पावसाळ्यात पाणी गेलं आणि तालुका तुटला, हे वर्षानुवर्षं पेपरात येत राहिलं. अडलेल्या बाईला डोंग्यातून न्यावं लागतं यात रम्य काही नाही आणि त्याचे फोटो छापून हळहळणाऱ्यांचा मला राग येतो. पण पूल एका जागी असतो. जाळं टाकायला, बेटावरच्या शेतात जायला, समोरच्या पाड्यावर मयताला जायला पूल उपयोगाचा नसतो. कॅनडात महामार्ग झाले म्हणून नावा जाळल्या नाहीत.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. जानेवारी २०२४ मध्ये चामोर्शी तालुक्यातल्या गणपूरच्या सहा बायका वैनगंगेत बुडाल्या. मिरची तोडायला पलीकडच्या चंद्रपूर जिल्ह्यात निघाल्या होत्या, नाव उलटली. त्या बातमीनंतर 'अशा नावांवर बंदी घाला' असं पुष्कळांनी म्हटलं. मी उलट म्हणते. मजुरी पलीकडे आहे तोवर बायका पलीकडे जाणारच. नवं खोड कायद्याने मिळत नाही तिथे जुनीच नाव, तडा गेलेली, डांबराने भरलेली, जास्त माणसं घेऊन चालते. जी नाव कागदावर नाहीच, तिला किती माणसं बसवायची हे कोण सांगणार, आणि लाइफ जॅकेट कोण देणार? २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्यात विनाइंजिनाच्या नावांसाठी स्वतंत्र प्रकरण आहे. ते वापरून ग्रामपंचायतीने नाव नोंदवावी, वर्षाकाठी तपासावी. पण चोरीच्या लाकडाची नाव नोंदवायला कोण पुढे येईल?

तिसरा आक्षेप माझ्या शेजाऱ्यांचा: एकाला दिलं की रांग लागेल, ठेकेदार घुसतील. लागू दे रांग, ग्रामसभेसमोर लागू दे. खोड विकायचं नाही, नावच करायची, आणि नाव गावाच्या नावावर. कॅनडातल्या न्यायाधीशांनी विक्रीवर बंदी घालून हक्क दिला, त्यांनाही ठेकेदार माहीत होते.

एक गोष्ट मला विशेष खुपते. मे २०२५ मध्ये कारवारला नौदलाने 'कौंडिण्य' नावाचं शिवलेलं जहाज आपल्या ताफ्यात घेतलं. अजिंठ्याच्या पाचव्या शतकातल्या चित्रावरून ते गोव्यात बांधलं. केरळच्या कारागिरांनी, बाबू शंकरन यांच्या हाताखाली, काथ्याने फळ्या शिवल्या. खर्च संस्कृती मंत्रालयाचा. मला त्याचा अभिमान वाटतो, मी त्याचे व्हिडिओ नातवाला दाखवलेत. भिंतीवर रंगवलेली नाव पुन्हा समुद्रात उतरते, हे लहान काम नाही. पण दीड हजार वर्षांपूर्वीच्या चित्रातल्या नावेला सरकार लाकूड देतं, आणि आज सकाळी इंद्रावतीत असलेल्या नावेच्या लाकडाचा पंचनामा करतं. कौंडिण्यच्या कारागिरांना सन्मानाने बोलावलं, ते योग्यच झालं. डोंगा कोरणारा माणूस कुठल्या मंत्रालयाच्या यादीत आहे?

डोंगा कोरणाऱ्याला असा मान आमच्या भोपाळच्या मानव संग्रहालयाने द्यावा, अशी माझी मागणी आहे. शामला हिल्सवर सुमारे दोनशे एकरांत ते पसरलंय, तलाव त्याच्या पायाशी आहे. तिथली आदिवासी घरं भोपाळच्या मजुरांनी नाही बांधली, त्या त्या भागातल्या लोकांना बोलावून त्यांच्या हातांनी बांधून घेतली. संग्रहालयाचं वेगळेपण मला त्यातच दिसतं. तेच डोंग्याचं करावं. बस्तर आणि भामरागडचे कारागीर बोलवावेत, त्यांची रोजी द्यावी, लोकांसमोर खोड कोरू द्यावं आणि पुरं झालं की काचेमागे न ठेवता खाली तलावात सोडावं. शिकारे आहेतच, त्यांच्या शेजारी हा चालेल. ज्यांना फोटो काढायचा ते काढतील. आणि कोरताना कुणी तरी अ‍ॅडनीसारखं शेजारी बसून मापं लिहून घ्यावीत, शक्यतो त्या गावातलंच शिकलेलं पोर.

पण संग्रहालयाच्या डोंग्यासाठीही खोड लागणार, म्हणजे गाडी परत परिपत्रकाशी येते. मी मसुदा लिहून मुलाच्या टेबलावर ठेवला. सामूहिक वनहक्क मिळालेल्या नदीकाठच्या गावाला निस्ताराखाली डोंग्यासाठी झाड. निवड ग्रामसभेची, बुंध्यावर वनरक्षकाची खूण, एक तोडलं की त्याच जातीची रोपं लावायची, नाव विकायची नाही, ग्रामपंचायतीत नोंद. एका पानात बसलं. त्याने वाचलं, पेन्सिलीने दोन ठिकाणी खुणा केल्या आणि विचारलं की गाव दोन राज्यांच्या हद्दीवर असेल आणि झाड पलीकडच्या काठावर, तर परवानगी कुणाची. प्रश्न बरोबर आहे. त्यासाठी नागपूर आणि रायपूरच्या वन मुख्यालयांना पत्र लागेल, आणि तो म्हणतो ते भोपाळहून जाऊ शकत नाही. म्हणून हा लेख.